नमुना मिळाला नाही

७ ऑक्टोबर २००४, गुरुवार

खैरानच्या समुद्रकिनाऱ्यावर मी चेटकिणीचा झगा घालून उभी आहे आणि शेजारी आमचे ह. चिलखतात! जुईलीनं कॉम्प्युटरवर आमची ही दशा करून ठेवली आहे.

दहावीचं वर्ष. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. आणि ही मुलगी काय करते – तर गेम. खेळत नाही, तयार करते! हवल्लीहून तलवारी-राक्षसांच्या गेमची सीडी आणली होती. तिच्यात आपली आपण गोष्ट रचायची सोय असते म्हणे. बाईसाहेबांनी राक्षस हाकलून दिले आणि त्या जागी आम्हा तिघांना बसवलं. गोष्ट काय, तर इथे आखातात राहणारं एक मराठी कुटुंब सुट्टीच्या दिवशी खैरानच्या शॅलेत, म्हणजे समुद्रकाठच्या भाड्याच्या बंगलीत जातं, हिंडतं, जेवतं आणि संध्याकाळी घरी परततं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात मुलांचं प्रदर्शन असतं, तिथे मांडायचाय. पण त्या सीडीत शर्ट-पँट नाही, म्हणून बाबांना चिलखत. साडी नाही, म्हणून मला झगा. मोटार नाही, म्हणून घोडागाडी. शॅले म्हणजे चक्क किल्ला, वर बुरूज!

ह. रिफायनरीतून आले, चहाचा कप हातात घेऊन उभ्या उभ्या सगळं बघितलं आणि पोट बरंच कमी दाखवल्याबद्दल मुलीचे आभार मानले.

जुईली स्वतः घोडागाडीपाशी उभी आहे. हातात बॅग. हलत नाही की बोलत नाही. तू अशी खांबासारखी का, विचारलं. 'आय ॲम नॉट डन येट,' म्हणाली. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं – ती बोलायला लागल्यापासून आमच्या घरात हे असंच चाललंय.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

ह. सकाळीच गळ घेऊन फहाहीलच्या धक्क्यावर. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीला सुट्टी असली की यांचा दिवस माशांचा. मासा मिळत नाही, माणूस मात्र खुशीत परत येतो.

मी जुईलीच्या खुर्चीमागे उभी राहून बघितलं, गेम करतात तरी कसा. पानभर ओळीच ओळी. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. आधी एक नाव लिहायचं, समजा 'आईचा थकवा'. मग बरोबरचं चिन्ह. मग आकडा. की त्या नावात तो आकडा जाऊन बसला! (ती हे सगळं रोमन अक्षरांत लिहिते, इथे मी माझ्या सोयीनं.) नाव म्हणजे लेबल लावलेली काचेची नळी आणि आकडा म्हणजे आतला नमुना, एवढं मला झटकन कळलं. लॅबमध्ये जन्म गेला माझा.

पण पुढच्या ओळीवर अडले. आईचा थकवा = आईचा थकवा + १.

हे साफ चूक आहे, म्हटलं. कुठलीही गोष्ट स्वतःपेक्षा एकनं मोठी कशी असेल? आमच्या नाशिकच्या शाळेत असं लिहिलं असतं तर हातावर छडी बसली असती. जुईलीनं डोळे फिरवले. हे चिन्ह बरोबरचं नाहीच म्हणे, ते 'पुट' आहे. उजवीकडचं आधी मोजायचं, डावीकडच्या नावात ठेवायचं, आधीचा आकडा गेला. मग त्या बिचाऱ्या चिन्हाला बरोबरच्या कपड्यात का उभं केलंय?

शेवटी आमटीवरून उलगडलं. पातेल्यातली आमटी अधिक एक डाव पाणी, परत त्याच पातेल्यात. न सांगता पाहुणे आले की मी हेच तर करते! हे सांगितल्यावर जुईली खुर्ची फिरवून माझ्याकडे बघून हसली. कॉम्प्युटर चालू असताना ती मान वळवते हे मला माहीत नव्हतं.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

आमच्या लॅबचे प्रमुख फिलिपसाहेब, त्यांनी दुपारी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, रक्ताच्या नळ्या कमी पडल्या. तर म्हणाले, मेमध्ये ते कायमचे केरळला निघालेत. लॅबचा कारभार कुणाकडे द्यायचा, असं मालक-डॉक्टरांनी विचारलंय, आणि त्यांना माझं नाव सांगायचंय. लॅब इन-चार्ज! फरवानियातल्या या क्लिनिकमध्ये बोटं टोचण्यात एका तपाहून जास्त काळ गेला, मनात कितीदा त्या काचेच्या केबिनमध्ये बसून आले. नोव्हेंबर संपायच्या आत हो की नाही सांगा म्हणाले.

मी काय म्हटलं? 'बघते.'

बघायचंय काय डोंबल! जूनमध्ये आम्ही कायमचे पुण्याला. ठरलंय. कोथरूडचा फ्लॅट तयार आहे, जुईलीची अकरावी तिकडे, ह. कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेणार नाहीत. हे कधी ठरलं ते काही केल्या आठवत नाही. कुठल्याशा रात्री जेवताना ह. म्हणाले, 'मग जूनच.' मी 'हं' म्हटलं आणि भात वाढला. झालं.

ह. ना काही सांगितलं नाही. माणूस इतकी वर्षं पुण्याची वाट बघतोय, त्यात आपलं मध्येच कशाला?

१३ ऑक्टोबर

अजून सांगितलं नाही. भेंडी जळली.

१७ ऑक्टोबर, रविवार

रमझान सुरू. क्लिनिकच्या वेळा बदलल्या. पाणी प्यायचं तर पडद्यामागे जाऊन.

रिपोर्टसाठी नवा कॉम्प्युटर आलाय. त्याची एक खोड आहे – जी चाचणी केलीच नाही, तिच्यापुढे तो आपला आपण शून्य छापतो. आज विठ्ठल नावाचा साताऱ्याकडचा ड्रायव्हर फक्त कोलेस्टेरॉल बघायला आला होता. रिपोर्ट घेऊन गेला, बसमध्ये वाचला आणि पुढच्याच थांब्यावर उतरून पळत परत आला. साखर शून्य! हिमोग्लोबिन शून्य!

'बाई, मी जित्ता हाय न्हवं?' काउंटरला धरून विचारत होता. घाम फुटला होता बिचाऱ्याला.

आमची नर्स सुरैया हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी होती. मी मात्र खवळले. तपासलं नाही आणि शून्य निघालं या दोन गोष्टी एक आहेत का? फिलिपसाहेबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं – नळी रिकामी आली तर 'नमुना मिळाला नाही' असं लिहायचं, मनानं आकडा द्यायचा नाही. विठ्ठलच्या रिपोर्टवर एकेका शून्यावर काट मारून तेच हातानं लिहून दिलं. तो 'लई उपकार' म्हणून जिवंत माणसासारखा निघून गेला.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मी स्वतः आकडे टाकले! आणि सत्यानाश केला.

जुईलीला अंघोळीला पाठवलं आणि खुर्ची बळकावली. तिचे आकडे बघून जीव कळवळत होता. तब्येत = १००. कशाचे शंभर? मिलिग्रॅम? टक्के? नॉर्मल किती ते सुद्धा लिहिलेलं नाही. असा रिपोर्ट आमच्या लॅबमधून गेला असता तर फिलिपसाहेबांनी मला घरी बसवलं असतं. म्हटलं, आपण नीट करून देऊ. आधी सगळ्यांना हिमोग्लोबिन दिलं. मला ११.२. कॉम्प्युटर अडून बसला – पूर्ण आकडाच हवा. बरं, अकरा. वरचं पॉइंट दोन मी इतक्या कष्टानं, खजूर खाऊन मिळवलंय, ते गेलं.

मग बाबांची भूक. तिथे तिनं १० लिहिलं होतं. दहा! उपाशीपोटी माणसाची साखर दहा असेल तर तो शुद्धीवर तरी राहील का? मी ९० केलं. नव्वद म्हणजे अगदी उत्तम, कुठलाही डॉक्टर सांगेल.

जुईली डोकं पुसत आली आणि गेम सुरू केला. चिलखतातले ह. गाडीतून उतरले ते सरळ किल्ल्याच्या स्वयंपाकघरात. लाडू संपवले. मग मासे. मग कच्चं पीठ. भांडार रिकामं झाल्यावर बाहेर येऊन घोड्याचा चारा खायला लागले! घोडा बाजूला उभा राहून बघतोय. तिच्या गेममध्ये भूक शंभरापैकी असते, आणि नव्वद म्हणजे माणूस भुकेनं वेडा झालेला.

खरे ह. तेवढ्यात धक्क्यावरून आले, पडद्यावर वाकले आणि म्हणाले की यात काय चूक आहे, शुक्रवारी मला अशीच लागते. जुईली इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं मला बजावलं की तिला विचारल्याशिवाय एकही आकडा बदलायचा नाही. इंग्रजीत, बोट नाचवून. हुबेहूब मी!

२६ ऑक्टोबर

सुखदावन्संचा पुण्याहून फोन. कोथरूडच्या फ्लॅटला पडदे कोणते – मोतिया की लिंबू? ह. शी बराच वेळ बोलल्या. ह. 'हो, हो, येतोय जूनमध्ये' म्हणत होते आणि चेहरा दाताच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखा. पोटात गॅस झाला असणार. ओवा दिला.

मध्येच जुईलीनं फोन मागून घेतला आणि आत्याला विचारलं, कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये इंटरनेट असतं का. अगं, स्वतःचं घर असताना तुला हॉस्टेलची काय पंचाईत, म्हटलं. खांदे उडवून गेली.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

आज गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. इतके दिवस मी आकड्यांतच अडकले होते, स्वतःकडे लक्षच गेलं नव्हतं.

बाई सगळ्याला हो म्हणते! चहा कर – हो. वाळू साफ कर – हो. एक कोळी आहे (आधी राक्षस होता, दात तेच आहेत), तो शिळी मासळी घेऊन येतो – घेता का? हो. तोच परत येतो – अजून घेता का? हो. चल निघू या – हो. थांबू या – हो. मला इतका राग आला. ही काय बाई आहे की मंदिरातली घंटा, जो येतो तो वाजवून जातो.

जुईलीला विचारलं, मी तुला अशी दिसते का? तिनं शांतपणे स्क्रिप्ट उघडून दाखवलं. कुणी काही म्हटलं की आधी 'आईची इच्छा' तपासायची. आकडा मोठा असेल तर ती आपल्या मनाचं बोलेल. शून्य असेल तर हो म्हणेल. आणि 'आईची इच्छा' या नावापुढे काही लिहिलेलंच नव्हतं. नुसतं नाव. नाव घेतलं आणि त्यात काही ठेवलं नाही, तर कॉम्प्युटर आपणहून शून्य धरतो.

इथेही तेच! मी विठ्ठलची सगळी हकिगत सांगितली. न तपासलेलं म्हणजे शून्य नव्हे, कुठल्या गाढवानं हा नियम केला, वगैरे. मग विचारलं, पण तू का नाही काही लिहिलंस? भूक लिहिलीस, राग लिहिलास – राग तर चांगला ऐंशी दिलायस.

'आय डिडन्ट नो व्हॉट टु पुट, आई,' ती म्हणाली. 'व्हॉट डू यू वॉन्ट?'

कुकर लावायचाय म्हणून उठले. कुकर लावलेलाच होता.

३० ऑक्टोबर

मला इन-चार्ज व्हायचंय. मला जूनमध्ये जायचं नाही. लिहून टाकलं. वही बंद.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

जुईलीची रीतसर परवानगी घेऊन आईची इच्छा = १००.

अरे देवा! बाई गाडीतून उतरलीच नाही. मग उतरली ती कुणाशी न बोलता समुद्राच्या दिशेनं चालत सुटली. बाबा हाका मारतायत, कोळी मासळी घेऊन मागे धावतोय, ही पाण्यात गुडघाभर, मग कमरेएवढी, झगा तरंगतोय. शेवटी गेमची हद्द संपली तिथे जाऊन थांबली आणि तोंड फिरवून उभी राहिली. घरात सगळे उपाशी. घोडासुद्धा.

'टू मच,' जुईली म्हणाली. मला तर बघायला फार बरं वाटत होतं. अजून थोडा वेळ असू दे म्हटलं.

मग दोघी मिळून कमी कमी करत आणलं. तीस केलं तर चहाला नाही म्हणते पण मासळी घेते. पन्नासला मासळीही नाही. साठवर छान बसली. चहा आपखुशीनं करते, कोळ्याला हाकलते, किनाऱ्यावर बसते, आणि संध्याकाळी बाबा निघू या म्हणाले की सांगते, 'मला अजून थांबायचंय.' हे वाक्य मी सुचवलं. जुईलीनं जरा बघितलं माझ्याकडे, पण टाइप केलं. बाबांसाठीही एक आकडा हवा ना, तिनं विचारलं. त्यांचं काय, त्यांना घरी जायचंय, सरळ आहे, म्हटलं.

गाडीपाशी उभी असलेली जुईली आजही तशीच. हातातली बॅग तरी खाली ठेव बाई, म्हटलं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. अनारसे हसले, तुपात विरघळून गेले. ह. नी चमच्यानं खाल्ले.

वन्संनी लिंबू रंग नक्की केला. मोतिया मळतो म्हणे.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

ईदच्या सुट्टीनंतर क्लिनिक उघडलं. गर्दी ही! सगळ्यांची साखर वर.

फिलिपसाहेबांनी भुवया उंचावून विचारलं. मी परत 'बघते.' सुरैयाला सगळं माहीत आहे. ती हैदराबादची, मला बाजी म्हणते, मनात काही ठेवत नाही. 'बाजी, तुम बोलतेच नईं, तो उनकू कैसा मालूम होना?' म्हणाली. मी म्हटलं, तेही विचारत नाहीत. ती म्हणाली, 'फिर तो दोनों का रिपोर्ट कोरा.' आणि सुई घेऊन पुढच्या माणसाकडे वळली.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

मेळावा झाला. सगळं नीट क्रमानं लिहिते.

अब्बासियातल्या शाळेचा हॉल. एका बाजूला रांगोळ्या, मातीचे किल्ले, आणि कोपऱ्यात टेबलावर जुईलीचा कॉम्प्युटर. पोरांची ही झुंबड! प्रत्येकाला बाबा व्हायचं होतं, कारण चिलखत बाबांना. जुईली बाजूला उभी राहून समजावत होती, कान लाल झाले होते. ह. रांगेत उभे राहिले, आपला नंबर आल्यावर ऐटीत बसले.

छान खेळले. मासे पकडायला गेले ते उठेचनात. मागची पोरं ओरडायला लागली तेव्हा नाइलाजानं गळ ठेवला. संध्याकाळ झाली. आईपाशी जाऊन त्यांनी 'चल, घरी जाऊ' निवडलं.

'मला अजून थांबायचंय.'

परत निवडलं. परत तेच. ह. नी माउस आपटला, चिलखत गोल फिरवून आणलं, दुसऱ्या बाजूनं जाऊन विचारलं. तेच उत्तर. मागचा एक मुलगा म्हणाला, 'अंकल, छोड़ के जाओ ना उसको.' सगळे हसले. ह. ही हसले, आणि जुईलीला म्हणाले की हिच्यात काहीतरी बिघाड आहे.

'इट्स वर्किंग, बाबा,' ती म्हणाली. 'आई सेट इट.'

ह. नी माझ्याकडे वळून बघितलं. मी फराळाच्या टेबलाशी होते, हातात चिवड्याचा द्रोण. हसावं म्हटलं तर हसू येईना. ते उठले, पुढच्या मुलाला जागा दिली, माझ्या हातातला द्रोण घेतला आणि नुसता धरून उभे राहिले.

परत निघालो. जुईली मागे, मांडीवर कॉम्प्युटरचा डबा, कानात गाणी. मंगफचं वळण गेलं तेव्हा ह. नी समोर बघतच विचारलं, 'विजू, तुला जायचंय ना पुण्याला?'

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न आला आणि माझ्या तोंडून काय निघावं?

'नमुनाच घेतला नाही अहो कुणी.'

मग मात्र धरण फुटलं. फिलिपसाहेब, केबिन, नोव्हेंबर, 'बघते', सगळं सांगितलं. मला इथे राहायचंय, काम करायचंय, लिंबू पडदे मला आवडत नाहीत, हेही सांगितलं. रडलेसुद्धा. ह. नी गाडी पेट्रोल पंपावर घेतली. टाकी भरलेली होती! पंपावरचा माणूस नळी घेऊन उभा, आणि ह. स्टिअरिंगला धरून बसलेले.

'मग आपण जातोय कुणासाठी?' त्यांनी विचारलं.

'तुमच्यासाठी.'

'मला वाटलं, तुझ्यासाठी,' ह. म्हणाले. 'दर गणपतीला फोनवर रडतेस.'

अहो, गणपतीला कोण रडत नाही! ह. ना तर धक्क्यावरून हलायचं नव्हतं. कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं कंपनीचं पत्र अजून खिशात घेऊन फिरत होते, नाही म्हणायला हात होत नव्हता. दोघंही एकमेकांसाठी सामान बांधत होतो. इतके हसलो की पंपावरचा माणूस नळी परत अडकवून निघून गेला.

आरशात बघितलं. जुईली खिडकीबाहेर बघत होती. कानात गाणी होती, तिला काही ऐकू गेलं नसणार.

२० नोव्हेंबर, शनिवार

फिलिपसाहेबांना हो सांगितलं! सुरैयानं सगळ्या क्लिनिकला चहा पाजला. ह. नी कंपनीला कळवलं. जुईलीला रात्रीच्या जेवणात सांगितलं – राहतोय आपण, अकरावी इथेच कर. 'ओके,' म्हणाली आणि भात संपवला. गुणी पोर! एका शब्दानं तक्रार नाही.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

गेमला मंडळाचं पहिलं बक्षीस. घड्याळ. आमच्या भिंतीवरचं हे तिसरं.

ह. नी हट्ट करून स्वतःचाही आकडा टाकून घेतला. बाबांची इच्छा = ५५. 'माझ्यापेक्षा पाचनं कमी का?' विचारलं. मला घाबरतात म्हणे. आता गेममधले दोघंही किनाऱ्यावर बसून राहतात.

वन्संना पडद्यांचं कळवायचं राहिलंय. ह. ना म्हटलं, तुमची बहीण, तुम्ही सांगा.

३ डिसेंबर, शुक्रवार

ह. धक्क्यावर, जुईली ट्यूशनला. मी एकटीच घरी. म्हटलं, आपला गेम निवांत बघावा, कुणी बोट नाचवायला नाही.

सुरू केला. गाडी आली, आम्ही उतरलो. बाबांनी मासे पकडले. मी कोळ्याला हाकललं. संध्याकाळ झाली, बाबांनी विचारलं, मी अजून थांबायचंय म्हटलं, बाबाही बसले माझ्याशेजारी. समुद्र लाल झाला. फार छान वाटत होतं. बघत राहिले.

आणि मग मागे गाडी दिसली. आम्ही गेलो नाही, म्हणून गाडीही गेली नाही. घोडा जुंपलेला. आणि तिच्याशेजारी जुईली, हातात बॅग, पहिल्या दिवशी होती तशी. तिच्यावर नेऊन माउस दाबला. काही नाही. परत दाबला. इतरांच्या डोक्यावर वाक्य येतं, तिच्या डोक्यावर रिकामी चौकट आली.

काहीतरी बिघडलंय म्हणून स्क्रिप्ट उघडलं. आता मला येतं ना! आईची इच्छा = ६०. बाबांची इच्छा = ५५. त्याच्या खाली – जुईलीची इच्छा. पुढे चिन्ह नाही, आकडा नाही. नुसतं नाव.

मी किती वेळा बघितलं तिला त्या गाडीपाशी! बॅग खाली ठेव म्हटलं. हॉस्टेलचं विचारत होती तेव्हा उडवून लावलं. भात खाऊन ओके म्हणाली, तर गुणी म्हणाले. पंपावर आम्ही दोघं एकमेकांना विचारून, रडून, हसून मोकळे झालो, आणि मागे पोर बसली होती. तिला ऐकू गेलं नसणार हे मी माझ्या मनानंच लिहिलं. कॉम्प्युटरला नावं ठेवत होते मी!

बोट कीबोर्डवर होतं. आकडा टाकता आला असता, कुठलाही. टाकला नाही. नळी रिकामी आहे, मी काय लिहू?

कॉम्प्युटर बंद केला आणि तिच्या आवडीचं पिठलं केलं. ती आली, जेवली. ह. समोर होते, मासा मिळाल्याची गोष्ट सांगत होते, खरंच मिळाला होता आज. विचारायचं राहिलं. घाबरले, खरं तर.

४ डिसेंबर, शनिवार

सकाळी तिची वेणी घालताना विचारलं. तुला काय हवंय, जुई?

तिनं अर्ध्या वेणीसकट मान वळवली. मग म्हणाली, 'मला जायचंय, आई. तुम्ही दोघं राहा. मला जायचंय.'

मराठीत म्हणाली.